चाचणीतली चाल आणि रोजची चाल: घरच्या घरी दोन्ही कशा मोजायच्या

दवाखान्यातल्या चालण्याच्या चाचणीतून माणूस किती चांगलं चालू शकतो ते कळतं. घरात, जिन्यात, बाजारात तो प्रत्यक्षात कसा चालतो, ते त्यातून कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ मध्ये केलेल्या वर्गीकरणातही क्षमता आणि प्रत्यक्ष आचरण या दोन गोष्टी वेगवेगळ्या धरल्या आहेत. वय झालेल्या माणसाची, खुब्याच्या ऑपरेशननंतरच्या रुग्णाची, लकव्यातून किंवा पार्किन्सनमधून वाट काढणाऱ्याची चाल सुधारते आहे की नाही, हे ठरवायचं असेल तर दोन्ही मोजा आणि त्यांच्यातलं अंतर बघा. बहुतेक वेळा उपाय त्या अंतरातच सापडतो.

अंतर का पडतं

चाचणीची जागा सपाट, सरळ, उजेडाची असते. वाटेत कोणी येत नाही. समोर कोणीतरी बघत असतं, त्यामुळे माणूस ताठ होतो, पाय उचलून टाकतो, सगळं लक्ष चालण्यावर देतो. घरात मात्र स्वयंपाकघरातून हॉलपर्यंत जेमतेम दहा पावलं असतात, मध्ये उंबरा, एक वळण, हातात चहाचा कप, आणि डोक्यात गॅस बंद केला का हा विचार.

मुख्य कारण मात्र एका वेळी सलग किती चालायचं असतं यात आहे. पाऊल पडायला लागल्यापासून नेहमीचा वेग यायला दोन-तीन पावलं जातात, थांबण्यापूर्वी तेवढीच पुन्हा मंदावतात. निरोगी प्रौढांच्या रोजच्या चालण्याची नोंद ठेवणारा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सलग चालण्याच्या एकूण वेळांपैकी ४० टक्के वेळा १२ पेक्षा कमी पावलांच्या होत्या, आणि ६० टक्के वेळा अर्ध्या मिनिटात किंवा त्याआधीच संपल्या होत्या. म्हणजे दिवसातलं बरंचसं चालणं वेग पकडण्याआधीच संपतं. धडधाकट माणसाचंही.

म्हणून पहिली खबरदारी ही: चाचणीसाठी ठरवलेली मर्यादा रोजच्या वेगाला लावू नका. युरोपीय तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांत स्नायूंच्या ऱ्हासाची तीव्रता ठरवताना ०.८ मीटर प्रति सेकंद किंवा त्याहून कमी वेग मंद धरला आहे. आशियाई गटाने त्याच वर्षी ६ मीटरच्या चाचणीत १.० पेक्षा कमी वेग मंद मानला. हे आकडे मोजपट्टी लावून, सूचना देऊन घेतलेल्या चाचणीचे आहेत. फोनने आठवड्याची सरासरी ०.७५ दाखवली म्हणून घाबरून जाऊ नये. त्याच माणसाचा चाचणीतला वेग १.० निघू शकतो.

चाचणीतून खोटा दिलासाही मिळतो, आणि ते जास्त धोक्याचं आहे. पार्किन्सनच्या रुग्णाचे पाय घरी दारातून जाताना, वळताना, अरुंद जागेत जमिनीला चिकटल्यासारखे होतात. डॉक्टरांसमोर मोकळ्या खोलीत मात्र तोच रुग्ण सहज चालून दाखवतो. मग घरचे सांगत राहतात आणि तपासणीत काहीच दिसत नाही.

चाचणी घरी घेताना

लागणाऱ्या वस्तू: मोजपट्टी, रंगीत चिकटपट्टी किंवा खडू, मोबाइल, एक स्थिर खुर्ची. मोजायचं अंतर ४ मीटर, आणि शक्य असेल तर १० मीटर. दोन्ही टोकांना आणखी २-२ मीटर मोकळी जागा हवी, म्हणजे एकूण ८ किंवा १४ मीटर. फ्लॅटमध्ये एवढी सरळ जागा क्वचितच मिळते. इमारतीचा पॅसेज किंवा सपाट पार्किंग चालेल. उतार असलेली गच्ची चालणार नाही. गच्चीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेलाच असतो, आणि तो डोळ्यांना सहसा दिसत नाही.

१. मोजायच्या अंतराच्या सुरुवातीला आणि शेवटी, वाटेच्या दोन्ही कडांना चिकटपट्टीचे छोटे तुकडे लावा. वाटेवर आडवी पट्टी ओढू नका. पार्किन्सनमध्ये जमिनीवरच्या आडव्या रेषा बघून पाऊल मोठं पडतं, चाल सुधारते, आणि मोजमाप खोटं ठरतं. इतर लोकही रेषा दिसली की पाऊल जुळवून टाकतात.

२. शेवटच्या खुणेच्या २ मीटर पुढे खुर्ची ठेवा आणि "त्या खुर्चीपर्यंत जा" असं सांगा. नाहीतर माणूस खुणेलाच मुक्काम समजून आधीच मंदावतो.

३. रोजची पादत्राणं, रोजचा चष्मा, आणि काठी किंवा वॉकर वापरत असतील तर तोही. कागदावर हे सगळं लिहून ठेवा.

४. सूचना दर वेळी एकच: "आजी, तुम्ही नेहमी चालता तसं चाला." एकदा "नेहमीसारखं" आणि पुढच्या महिन्यात "जरा भरभर" असं सांगितलं तर तुलना तिथेच संपली. भरभर चालण्याचा वेग हवा असेल तर तो वेगळा मोजा, वेगळा लिहा.

५. सोबत चालणाऱ्याने अर्धं पाऊल मागे आणि बाजूला राहावं. बरोबरीने चाललं की रुग्ण सोबत्याचा वेग घेतो. तोल जाण्याची भीती असेल तर कमरेच्या पट्ट्याला हात असावा, दंडाला धरू नये. दंड धरला की आधार मिळतो आणि हात हलणं बंद होतं.

६. पहिल्या खुणेच्या पुढे पहिलं पाऊल पडलं की वेळ सुरू, शेवटच्या खुणेच्या पुढे पहिलं पाऊल पडलं की बंद. अंतर भागिले सेकंद म्हणजे वेग. ४ मीटरला ५ सेकंद लागले तर ०.८.

७. दोनदा घ्या. चालत्या चालीने सुरुवात केली असेल तर दोन्हींची सरासरी लिहा. पहिल्या खुणेवर उभं राहून सुरुवात करण्याचीही एक पद्धत आहे, त्यात दोनपैकी जलद वेळ धरतात आणि वेग साहजिकच थोडा कमी येतो. कोणतीही एक निवडा आणि पुढे तीच ठेवा.

स्टॉपवॉचची चूक इथे वाटते त्याहून मोठी असते. ४ मीटरला ५ सेकंद लागत असताना बोट ०.३ सेकंद उशिरा पडलं, तर ०.८ चा वेग ०.७५ होतो. ज्येष्ठांमध्ये ०.०५ मीटर प्रति सेकंदाचा बदल लहान पण अर्थपूर्ण मानतात, ०.१० चा बदल ठळक. म्हणजे लहान सुधारणा किंवा लहान घसरण केवळ बोटाच्या उशिरानेही दिसू शकते. १० मीटरवर त्याच उशिराने फरक फक्त ०.०२ च्या आसपास पडतो, म्हणून जागा मिळत असेल तर १० मीटरच घ्या. जागा नसेल तर व्हिडिओ काढा: दोन्ही खुणा एका चौकटीत दिसतील इतकं लांब, वाटेच्या मधोमध, कडेला उभं राहून. फोनचा साधा व्हिडिओ सेकंदाला ३० चित्रं घेतो. एकेक चित्र पुढे सरकवत पाऊल नेमकं कधी पडलं ते बघता येतं, आणि चूक सेकंदाच्या फार लहान भागावर येते.

दुसरी उपयोगी चाचणी खुर्चीतून उठून ३ मीटर जाणं, वळणं, परत येऊन बसणं. उठणं, वळणं, बसणं हे तिन्ही त्यात येत असल्यामुळे ती घरातल्या हालचालींच्या जास्त जवळ आहे. खुर्चीला हात हवेत आणि बैठक साधारण ४६ सेंटीमीटर उंचीची हवी. पाठ टेकलेली असताना "चला" म्हणताच वेळ सुरू करा, पुन्हा बसल्यावर बंद. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या ज्येष्ठांसाठीच्या कार्यक्रमात १२ सेकंद किंवा जास्त वेळ लागल्यास पडण्याचा धोका धरतात. सोफ्यावरून ही चाचणी घेऊ नका, तो खोल आणि बुटका असतो. प्लास्टिकची खुर्ची घेतलीच तर मागे भिंत हवी. उठताना ती सरकते आणि माणूस पडतो.

सहा मिनिटं चालण्याची चाचणी घरी करू नये. तिच्यासाठी ३० मीटरचा सपाट कॉरिडॉर लागतो, नाडी आणि ऑक्सिजन बघणारा प्रशिक्षित माणूस लागतो. गेल्या महिन्याभरात हृदयविकाराचा झटका आलेला असेल तर ती मुळीच करत नाहीत. दवाखान्यात झाली असेल तर कॉरिडॉरची लांबी विचारून लिहून घ्या. १५ मीटरच्या कॉरिडॉरमध्ये वळणं दुप्पट होतात आणि अंतर कमी भरतं. वेगळ्या लांबीच्या कॉरिडॉरमधले दोन आकडे शेजारी ठेवून सुधारणा मोजता येत नाही. ट्रेडमिलवरचं अंतरही त्याऐवजी धरत नाहीत. तिथे वेग पट्टा ठरवतो, माणूस नाही.

चाचणीत रोजचं जगणं आणा

ही पायरी सगळ्यात जास्त सांगून जाते, आणि हीच बहुधा वगळली जाते. १९९७ मध्ये स्वीडनमधल्या एका अभ्यासात वृद्ध निवासातल्या ५८ जणांशी चालता चालता बोलणं सुरू केलं. बोलताना १२ जण थांबले. पुढच्या ६ महिन्यांत त्या १२ पैकी १० जण पडले. चालणं आपोआप होत असेल तर बोलायला लक्ष शिल्लक राहतं; होत नसेल तर दोनपैकी एक काम थांबवावं लागतं.

तीच १० मीटरची वाट पुन्हा चालायला सांगा, पण सोबत एक काम द्या. मोठ्याने भाज्यांची नावं घेणं, किंवा १०० पासून तीन-तीन कमी करत मोजणं. शाळा कमी झालेल्या आजीला वजाबाकी देऊ नका, तिला नातेवाइकांची किंवा गावांची नावं घेऊ द्या. काम अवघड पण जमणारं हवं. "चालण्याकडे लक्ष द्या" किंवा "उत्तराकडे लक्ष द्या" यातलं काहीही सांगू नका. माणूस कोणतं काम आधी सोडतो, तेच बघायचं आहे. दुसऱ्या फेरीत हातात पाऊण भरलेला स्टीलचा पेला द्या. पाणी गारच असावं.

साध्या चालण्याचा वेग १.० आणि बोलतानाचा ०.८ असेल तर घट २० टक्के. हा आकडा तारखेसह लिहून ठेवा. ज्येष्ठांच्या चाचणीतल्या आणि रोजच्या चालण्याची तुलना केलेल्या संशोधनात रोजची चाल साध्या चाचणीपेक्षा अशा दुहेरी कामाच्या चाचणीशी अधिक जुळलेली दिसली. म्हणून घरी एकच चाचणी घ्यायला वेळ असेल, तर आमच्या मते बोलता बोलता चालण्याची घ्यावी, अर्थात शेजारी माणूस ठेवून.

रोजची चाल टिपताना

रोजची चाल टिपायची तर सलग ७ दिवस तरी हवेत. त्यात सुट्टीचा वार, बाजाराचा वार, एखादा घरात बसून काढलेला दिवस येतोच. युरोपात २०१९ ते २०२४ या काळात चाललेल्या मोबिलाइज-डी या प्रकल्पातही कमरेच्या मागच्या बाजूला सेन्सर लावून आठवडाभराची नोंद घेतली. पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूचा एक विकार), फुप्फुसाचा दीर्घ विकार आणि खुब्याचं फ्रॅक्चर असलेले रुग्ण त्यात होते. घरी तसा सेन्सर नसतो. फोन किंवा मनगटावरचा पट्टा असतो, आणि दोघांच्या मर्यादा ठरलेल्या आहेत.

फोन कमरेजवळ हवा. आयफोन चालण्याचा वेग आपोआप नोंदवतो, पण तो कमरेजवळच्या खिशात असेल आणि हेल्थ ॲपमध्ये उंची भरलेली असेल तरच. नऊवारी-पाचवारी नेसणाऱ्या, गाऊन घालणाऱ्या बायकांना खिसा नसतो. फोन टेबलावर किंवा पर्समध्ये राहतो, आणि आठवड्याच्या शेवटी आजी दिवसभर बसूनच होत्या असं दिसतं. कमरेला बांधायचा छोटा पाऊच घ्या, तो घट्ट बसवा, सैल लोंबला तर झोके घेतो. तो सकाळी उठल्यावर बांधायचा आणि झोपताना काढायचा. दुपारची वामकुक्षी झाली की पाऊच पुन्हा बांधायचा राहून जातो, तिथे आठवण द्या.

मनगटावरचा पट्टा हाताच्या हलण्यावरून पावलं ओळखतो. वॉकर धरलेला हात हलत नाही, भाजीची पिशवी धरलेलाही फारसा नाही, पदर सावरत चालणाऱ्या बाईचाही नाही. अशा वेळी पावलं कमी नोंदली जातात. उलट रिक्षाच्या धक्क्यांनी किंवा पोळ्या लाटताना ती वाढूही शकतात. वॉकर वापरणाऱ्यासाठी घोट्यावर किंवा कमरेवर लावता येणारं साधन निवडा.

साधन कोणतंही असो, आकड्यांवर भरवसा ठेवण्याआधी दोन चाचण्या करा:

घरातल्या नेहमीच्या वेगाने ५० पावलं मोजून चालायला सांगा. साधनाने ४५ ते ५५ च्या बाहेरचा आकडा दाखवला तर त्या माणसासाठी ते साधन बाद. फार हळू, पाय घासत चालणाऱ्यांच्या बाबतीत हे सर्रास होतं, कारण पावलाचा झटकाच साधनाला पुरेसा जाणवत नाही.

मग ८ पावलं चालून थांबणं, असं ५ वेळा. एकूण ४० पावलं. बरीच साधनं काही पावलं सलग पडल्याशिवाय मोजणी सुरूच करत नाहीत, हात हलवणं आणि चालणं यांत गल्लत होऊ नये म्हणून. त्यामुळे इथे १०-१५ च पावलं नोंदलेली दिसू शकतात. तसं झालं तर स्वयंपाकघर, देवघर, बाथरूम यांच्यामधलं सगळं चालणं त्या साधनाला दिसत नाही हे समजा, आणि त्याचा उपयोग फक्त बाहेरच्या चालण्यापुरता करा.

घरातलं चालणं मोजायला फरशी कामाला येते. हॉलची एक फरशी मोजा. ती ६० सेंटीमीटरची असेल तर ५ फरशा म्हणजे ३ मीटर. आई हॉलमधून सहज जाते तेव्हा कुठून कुठे किती सेकंदात गेली ते लिहा, दिवसातून तीन-चार वेळा, वेगवेगळ्या प्रहरी. याची कल्पना आठवड्याच्या सुरुवातीला देऊन परवानगी घ्यायची, आणि मग प्रत्येक वेळी सांगायचं नाही. "आता मोजतोय" म्हटलं की चाल बदलते. व्हिडिओ काढायचा असेल तर परवानगी स्पष्ट हवी, आणि तो फॅमिली ग्रुपवर टाकायचा नाही.

आकड्यांशेजारी चार शब्द लिहा: पायात काय होतं, उजेड कसा होता, हातात काय होतं, औषध कधी घेतलं होतं. पार्किन्सनच्या रुग्णासाठी शेवटची नोंद सगळ्यात महत्त्वाची. गोळीनंतर तासाभराची चाल आणि पुढच्या गोळीच्या आधीची चाल यांची सरासरी काढली तर हाती काहीच लागत नाही.

अंतराचा अर्थ

चाचणीत वेग चांगला, बोलतानाही फारसा घसरत नाही, तरी रोजचं चालणं मोजकंच आणि संथ: पायांत बळ आहे, अडचण बाहेर आहे. पडण्याची भीती, सोबत नसणं, गुडघ्याचं संध्याकाळी वाढणारं दुखणं, लघवीला वारंवार लागण्याची काळजी, फुटका फूटपाथ. इथे व्यायाम वाढवून उपयोग होत नाही. एखाद्याने रोज ठरल्या वेळी खाली उतरवून आणलं तर आठवड्याचे आकडे बदलतात.

चाचणीत चांगला, पण बोलताना मोठी घट: गर्दीत आणि रस्ता ओलांडताना जपा. अनेक ठिकाणी पादचारी सिग्नलचा वेळ सुमारे १.२ मीटर प्रति सेकंद वेग धरून काढतात. हॉर्नच्या गोंगाटात या माणसाला तो वेग राखता येत नाही. रस्ता ओलांडताना त्याच्याशी बोलू नका. फिजिओथेरपिस्टला दुहेरी कामाचा सराव द्यायला सांगा.

दोन्हीकडे मंद: ताकद, तोल, सांधे, नसा, दृष्टी, औषधं हे सगळं डॉक्टरांकडून तपासून घ्यायला हवं.

चाचणीत मंद आणि रोजचे आकडे भरपूर: आधी मोजणीवर शंका घ्या. फोन नातवाच्या खिशात होता का, प्रवास झाला होता का, ते बघा. नसेल तर चाचणीचं दडपण आलं होतं. दुसऱ्या दिवशी, आधी एक फेरी सरावाची देऊन, पुन्हा घ्या.

फक्त रात्री किंवा पहाटे मंद: पलंगापासून बाथरूमपर्यंतची वाट बघा. मंद दिवा, उंबऱ्यावर उठून दिसणारी रंगीत पट्टी, सरकणारं पायपुसणं काढून टाकणं, आणि मागे पट्टा असलेली चप्पल. मागून मोकळी स्लिपर पायातून निसटू नये म्हणून माणूस बोटं आवळून, पाय घासत चालतो. पादत्राण बदलून फरशीवरची मोजणी त्याच दिवशी पुन्हा घ्या, फरक बहुधा लगेच दिसतो.

चालीच्या प्रयोगशाळेत जायचं असेल तर

तिथे शरीरावर चकाकणारे मार्कर चिकटवून अनेक कॅमेऱ्यांनी हालचाल टिपतात, आणि जमिनीत बसवलेल्या फोर्स प्लेटवर पावलाचा दाब मोजतात. गुडघा, खुबा, घोटा नेमका कुठे कमी वाकतो हे समजायला याला तोड नाही. ऑपरेशन किंवा ब्रेस (पायाला आधार देणारं साधन) ठरवण्यासाठी ही तपासणी जरूर करावी. पण प्लेट कुठे आहे हे कळलं की माणूस त्यावर पाऊल नेमकं पडावं म्हणून आधीची दोन पावलं लहान-मोठी करतो. नजर समोरच्या भिंतीवर ठेवा, खाली बघू नका. पाऊल प्लेटवर पडेल अशी सुरुवातीची जागा तिथले लोक ठरवून देतात. तपासणी बहुधा अनवाणी होते. नेहमीची चप्पल किंवा बूट, काठी आणि ब्रेस सोबत न्या आणि शक्य असेल तर त्यांच्यासह काही फेऱ्या घ्यायला सांगा.

डॉक्टरांकडे जाताना एकाच कागदावर एवढं लिहून न्या: चाचणीतला वेग (अंतर, सुरुवातीची पद्धत, पादत्राण, काठी), बोलतानाचा वेग आणि घट, फरशीवर मोजलेला घरातला वेग सकाळ-दुपार-रात्र, आठवड्यातला सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त चालण्याचा दिवस, आणि गेल्या ६ महिन्यांत किती वेळा पडलात किंवा पडता पडता वाचलात. पाय जमिनीला चिकटल्यासारखे होत असतील तर दारातल्या त्या क्षणाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ फोनमध्ये तयार ठेवा. चाल काही तासांत किंवा एका रात्रीत बिघडली, एक पाय ओढला जाऊ लागला, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं जड झालं, तर यातलं काहीही मोजत बसू नका, लगेच रुग्णालयात जा आणि लक्षणं सुरू झाल्याची वेळ सांगा.